टाइमटेबल कुणी केलं?

जानेवारीत मुलीच्या शाळेत पालकसभा होती. फळ्यावर रंगीत खडूनं विषय लिहिलेला, 'परीक्षेचा ताण आणि आपले पाल्य'. एक समुपदेशक मॅडम आल्या होत्या, त्यांनी आम्हा सगळ्यांकडून श्वास घ्या, चार मोजा, सोडा असं करून घेतलं, बाकावर गुडघे अडकवून बसलेले आम्ही पन्नासेक आईबाप गंभीर चेहऱ्यानं श्वास मोजत होतो. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि पाच मिनिटात हॉलमध्ये दोन तट पडले. एकांचं म्हणणं दहावीची बोर्डाची परीक्षाच बंद करा, पोरांचा जीव जातोय तिच्यापायी. दुसरीकडून एक आजोबा उठले, म्हणाले आमच्या वेळी मॅट्रिकला पोरं ढिगानं नापास व्हायची, कुणाला ताण बिण आला नाही, तुम्हीच पोरं तळहातावरच्या फोडासारखी वाढवलीत. टाळ्या दोघांनाही पडल्या. मला दोघांचंही पटलं नाही. आणि खरी गोष्ट अशी की तासभर चाललेल्या त्या वादात मुलं अभ्यास करतात म्हणजे नक्की काय करतात, हे एकाही माणसानं विचारलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो, मग शिव्या घालायला सोपं जाईल. परीक्षेच्या भीतीचा मोठा हिस्सा पेपरातून येत नाही, तो येतो अभ्यासाचा लगाम मुलाच्या हातात कधीच नसण्यातून. काय वाचायचं, कधी वाचायचं, कशाला किती वेळ द्यायचा, आपल्याला येतंय का नाही हे कसं ओळखायचं, यातलं एकही काम आपण पंधरा वर्षाच्या पोराला करू देत नाही आणि मग एक दिवस तीन तास त्याला एकट्याला बेंचवर बसवतो, जिथं आई नाही, सर नाहीत, गाईड नाही, आणि म्हणतो घाबरू नकोस. का घाबरणार नाही? हे मी कुंपणावर बसून बोलत नाहीये. मिरजेत दोन खोल्यांच्या जागेत मी आठ वर्षं नववी-दहावीच्या गणित-विज्ञानाचा क्लास चालवला, आणि जे इथं शिव्या देतोय ते सगळं मी स्वतः केलेलं आहे, फी घेऊन.

अभ्यास कसा होतो यावर काम करणारे मानसशास्त्राचे लोक त्याचे साधारण तीन टप्पे सांगतात. बॅरी झिमरमन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाची मांडणी यात सगळ्यात जास्त वापरली जाते. आधी ठरवायचं, करताना स्वतःवर लक्ष ठेवायचं, झाल्यावर मागे वळून बघायचं की काय जमलं आणि काय फसलं, आणि त्यावरून पुढच्या वेळचं ठरवायचं. 'स्वयंनियंत्रित अध्ययन' असं भारदस्त नाव त्याला आहे, बीएडच्या पेपरात येतं. आता आपल्या घरातलं बघा. ठरवतो क्लासवाला. लक्ष ठेवते आई. आणि मागे वळून बघतं बोर्ड, तेही वर्षातून एकदा आणि फक्त आकडा सांगून. पोराच्या वाट्याला काय उरतं? पाठ करणं आणि घाबरणं.

माझ्या क्लासमध्ये दिवाळीनंतर आम्ही छापील टाइमटेबल वाटायचो, पहाटे साडेपाच ते रात्री साडेदहा, लॅमिनेट करून. पालक इतके खुश व्हायचे की काही जणांनी देवघराशेजारी लावलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. त्यात पोराला भूमिती येते का बीजगणित याचा काही संबंध नव्हता, सगळ्यांना एकच. प्रिलिमच्या आधी मी 'हे एवढं केलंस तरी बास' म्हणून वीस 'आयएमपी' प्रश्न काढून द्यायचो आणि त्यातले बारा-तेरा आले की माझं नाव व्हायचं. एका वर्षी बोर्डाच्या पेपरात प्रश्न जरा फिरवून आले. माझी चांगली, पंच्याऐंशी टक्क्यांच्या लायकीची मुलं बाहेर येऊन रडत होती आणि एक जण म्हणाला, सर, मला येत होतं पण 'तुमचं' काहीच आलं नाही. 'तुमचं' म्हणाला. दोन वर्षं शिकवून त्याच्या डोक्यातली भूमिती माझीच राहिली होती, त्याची झालीच नव्हती.

आता 'परीक्षा बंद करा' वाल्यांकडे येऊ, कारण त्यांची कळकळ खरी आहे आणि त्यांच्या हातात आकडेही आहेत. एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संशोधन संस्थेनं २०२२ च्या सुरुवातीला देशभरातल्या सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांवर मुलांना विचारलं, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचं कारण म्हणून सांगितलं. त्याच वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे आणि त्यात सगळ्यात वर आपला महाराष्ट्र. यातली सगळी कारणं परीक्षेची नव्हती, घर, आजार, प्रेम, कर्ज सगळं त्यात आहे, पण म्हणून हा आकडा वाचून खांदे उडवता येतील असं नाही. जो माणूस हे वाचून म्हणतो की ही परीक्षाच नको, त्याला मी वेडा म्हणणार नाही.

पण परीक्षा सोपी करून, वाकवून, रद्द करून भीती कमी होते का, याचा प्रयोग आपण केलाय की. नुसता महाराष्ट्र बोर्डाचाच इतिहास बघा. २०१० पासून बेस्ट ऑफ फाइव्ह आलं, म्हणजे सगळ्यात चांगल्या पाच विषयांचेच मार्क धरायचे. २०१९ ला अंतर्गत वीस मार्क काढून टाकले तर दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला, महाराष्ट्रभर बोंबाबोंब झाली, पुढच्या वर्षी ते वीस मार्क परत आले आणि निकाल ९५.३० वर गेला. २०२१ ला तर कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के. सीबीएसईचाही त्या वर्षी ९९.०४. म्हणजे नापास होणं जवळजवळ अशक्य झालं होतं असा हा काळ, आणि बरोबर त्याच्या नंतरच्या जानेवारी ते मार्चमध्ये एनसीईआरटीनं मुलांना विचारलं तर ८१ टक्के म्हणतात चिंता आहे. मान्य, कोविड मध्ये होता, शाळा बंद होत्या, घरात माणसं गेली होती, त्यामुळे या एका आकड्यावर मी घर बांधणार नाही. पण 'परीक्षा गेली की भीती गेली' याला त्यातून पुरावा मिळत नाही एवढं तर दिसतं ना?

आणि २०२१ ला पुढं काय झालं ते आपण विसरलो. नववीच्या निकालाला निम्मं वजन दिलं गेलं, म्हणजे जी पोरं नववी आरामाचं वर्ष समजून बसली होती त्यांची नववी गुपचूप बोर्डाची झाली. मग सगळेच पास, सगळ्यांनाच भरघोस मार्क, तर अकरावीला कुणाला कुठं घ्यायचं? म्हणून लगेच अकरावीसाठी वेगळी सीईटी जाहीर झाली, पोरं पुन्हा पुस्तकं उघडून बसली, आणि ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टानं ती रद्द केली. चार महिन्यात पोरांनी तीन वेगवेगळ्या भीती बघितल्या, एकही पेपर न देता. जागा कमी आणि माणसं जास्त असली की चाळणी लागतेच, एक काढली की दुसरी येते, आणि नवी चाळणी जुनीपेक्षा न्यायाची असेलच असं कोण सांगतं?

चीनमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालंय. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा त्यांनी १९६६ ला, सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत बंद केली. कारणं ऐकायला छानच होती, परीक्षा म्हणजे जुन्या घरंदाज लोकांचं हत्यार वगैरे. मग काही वर्षांनी प्रवेश सुरू झाले ते शिफारशीवर, कारखान्यानं, कम्यूननं, पार्टीच्या माणसानं नाव सुचवायचं. शिफारस कुणाची व्हायची हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. १९७७ च्या डिसेंबरात परीक्षा परत सुरू झाली तेव्हा तब्बल ५७ लाख लोक बसले, शेतात राबणारे, कारखान्यातले, तिशी गाठलेले सुद्धा, आणि घेतले गेले पावणेतीन लाखाच्या आसपास. ती परीक्षा भयंकर होती. तरी लोकांना ती हवी होती, कारण निदान तिथं ओळख विचारत नव्हते. गरिबाच्या पोराला परीक्षेची भीती वाटते हे खरं, पण परीक्षा नसण्याची भीती त्याला जास्त वाटायला हवी.

राहिले आजोबा. आमच्या वेळी ताण नव्हता, हे कोण सांगतंय? जे पास झाले ते. जे नापास झाले ते गिरणीत गेले, शेतात गेले, मुलींची लग्नं लावून दिली, त्यांना कुणी सभेत माईक दिला नाही. शिवाय तेव्हा नापास होणं ही घरातली गोष्ट होती, फार तर गल्लीतली. बोर्डानं मेरिट लिस्ट बंद केली हे चांगलं केलं, पण ती लिस्ट बोर्डाच्या भिंतीवरून उतरून चौकातल्या फ्लेक्सवर चढली, क्लासच्या नावासकट, आणि आता त्यावर ९२ टक्केवाल्याचा फोटो कोपऱ्यात बारीक असतो. आजोबांच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती त्यांना स्वतःला माहीत नव्हती. त्यांच्या पिढीत आईबापांना बऱ्याचदा पोरगं कितवीत आहे हेच धड माहीत नसायचं. अभ्यास करायचा का, कुठं बसून करायचा, कुणाचं पुस्तक मागून आणायचं, सगळं पोरानंच बघायचं. त्यात कितीतरी पोरं वाहून गेली, ते काही सुवर्णयुग नव्हतं. पण जी तरली ती स्वतःच्या हातपायावर तरली, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये शिरताना त्यांना एक गोष्ट ठाऊक असायची, मला काय येतं आणि काय येत नाही.

हीच तर सगळी मेख आहे. परीक्षेच्या भीतीत दोन वेगळ्या गोष्टी असतात हे १९६७ सालीच लीबर्ट आणि मॉरिस या दोघांनी दाखवलं होतं, एक शरीराची, म्हणजे धडधड, घाम, पोटात गोळा, आणि दुसरी डोक्यातली, 'मला जमणार नाही, पेपर अवघड निघेल, बाबा काय म्हणतील' ही सतत चाललेली चक्की. त्यानंतरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा आढळलं की मार्क खाते ती मुख्यतः दुसरी. साहजिक आहे, एकच डोकं, त्यात एकीकडे प्रमेय आणि दुसरीकडे बाबा. आता आपले ताणमुक्तीचे कार्यक्रम कशावर काम करतात? पहिलीवर. श्वास घ्या, चार मोजा. वाईट नाही, जरूर करा. पण 'मला येतंय का नाही हेच मला माहीत नाही' ही चिंता श्वासानं कशी जाणार? ती चिंता खोटी नाहीये. त्या पोराला खरंच माहीत नाहीये.

का माहीत नाही, तर आपली अभ्यासाची पद्धतच फसवी आहे. धडा वाचायचा, हायलायटर मारायचा, परत वाचायचा, आई विचारते झालं का, झालं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना उतारा परत परत वाचायला दिला, काहींना एकदा वाचून मग न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे चांगलेच पुढे. आणि यातला जीवघेणा भाग असा की आपल्याला नीट लक्षात राहील अशी खात्री जास्त कुणाला वाटत होती, तर परत वाचणाऱ्यांना. म्हणजे वाचून वाचून 'येतंय' असा भास होतो, मजकूर ओळखीचा वाटतो, ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे, चौकात रोज दिसणाऱ्या माणसाचं नाव तुम्हाला सांगता येतं का? तो भास नेमका कधी फुटतो? प्रश्नपत्रिका हातात आल्यावर. पोरं बाहेर येऊन सांगतात 'ब्लँक झालो' आणि आपण म्हणतो टेन्शन आलं म्हणून विसरला. कितीतरी वेळा उलटं असतं हो, आठवत नव्हतं म्हणून टेन्शन आलं.

आमच्याकडं कोल्हापूर-सांगलीकडं पैलवान कसा तयार होतो बघा. खासबागच्या मैदानात हजारो लोकांसमोर उतरायच्या आधी तो वर्षानुवर्षं रोज पहाटे तालमीतल्या लाल मातीत दुसऱ्या पैलवानांशी धरतो, पडतो, चितपट होतो, आणि त्या पडण्याचा कुठं निकाल लागत नाही, फ्लेक्स लागत नाही. वस्ताद कडेला उभा राहून एवढंच सांगतो, डावा पाय मागं राहतोय. मैदानातली भीती मैदान रद्द करून जात नाही, आणि मैदानात कधीमधी श्वास मोजूनही जात नाही, ती तालमीतच जिरते. आपल्या शाळांमध्ये तालीमच नाहीये, सगळी मैदानंच आहेत. घटक चाचणी वीस मार्कांची, पण तिचाही आकडा प्रगतिपुस्तकात, त्यावर पालकांची सही, शेजारच्याला किती. पेपर परत मिळतो तेव्हा त्यावर लाल शाईत ११/२० असतं, डावा पाय कुठं मागं राहिला ते नसतं. अमेरिकेत शाळांमध्ये सुमारे चौदाशे मुलांना विचारलं होतं, वर्गात छोटे आठवण्याचे सराव घेतल्यानं काय वाटतं, तर ७२ टक्के म्हणाले खऱ्या परीक्षेची धाकधूक कमी झाली. मुलांनी स्वतः सांगितलेलं आहे, त्यामुळे थोडं हातचं राखून घ्या. पण आपण उलटंच करतो, ताण कमी करायचा म्हणून परीक्षा कमी करतो आणि उरलेली एकच परीक्षा त्यामुळे आणखी अक्राळविक्राळ होते.

माझ्या विरोधातला सगळ्यात दमदार मुद्दा आता घेतो, कारण तो मला स्वतःला छळतो. तयारी झालेली मुलंही घाबरतात. पंधरा वर्षांच्या मुलांची पिसा नावाची आंतरराष्ट्रीय पाहणी असते, तिच्यात २०१५ ला ओईसीडी या बहुतांश श्रीमंत देशांच्या गटातल्या सरासरी ५५ टक्के मुलांनी सांगितलं की चांगली तयारी असली तरी परीक्षेआधी फार भीती वाटते. मग लगाम हातात देऊन काय होणार? आणि जोडीला, पुढची स्पर्धा खरी आहे, जागा खरंच कमी आहेत, मग पोरालाच 'तू नीट अभ्यास शीक' म्हणणं म्हणजे मारही त्यालाच आणि दोषही त्यालाच. हे खरं आहे आणि मी ते मागं घेत नाही. पण त्याच पाहणीत आणखी दोन गोष्टी आहेत ज्या सभेत कुणी सांगत नाही. शाळा वर्षाला किती परीक्षा घेते याचा आणि मुलांच्या भीतीचा सरासरीत संबंधच सापडला नाही. आणि जिथं मुलं म्हणाली की आमचे शिक्षक वर्गाला काय कळलंय ते बघून शिकवणं बदलतात, अडलेल्याला जाऊन मदत करतात, तिथं भीती कमी होती. म्हणजे परीक्षेच्या संख्येपेक्षा तिच्या आसपास काय घडतं याला महत्त्व. शिवाय 'तयारी चांगली आहे' हे मुलं कशावरून म्हणतात? वर सांगितलेल्या त्या भासावरून म्हणत असतील तर पोटात गोळा येणं चूक नाही, पोटाला डोक्याआधी कळलेलं असतं.

दुसरा आक्षेप, हे सगळं खोली असलेल्या पोरांचं कौतुक आहे. ज्या घरात एकच खोली, टीव्ही चालू, पाणी सहा वाजता येतं ते पोरीनंच भरायचं, किंवा आईबाप ऊसतोडीला गेलेत आणि पोरगं आजीकडं आहे, तिथं कसलं नियोजन? मी क्लासमध्ये असताना मलाही असंच वाटायचं. पण माझा अनुभव उलटा निघाला. एक मुलगी होती, सकाळी दोन घरची धुणीभांडी आईबरोबर करून यायची. तिच्याकडं वेळ नव्हता म्हणूनच वेळेचा हिशोब तिला पाठ होता, बसमध्ये काय, पाणी भरताना तोंडी काय. जिच्या घरचं निम्मं वेळापत्रक तीच सांभाळते तिला नियोजन शिकवायला मी कोण लागून गेलो? तिला कमी पडत होतं ते दुसरंच, आपलं कुठं चुकतंय हे सांगणारं माणूस. ते विकत घ्यायला पैसे लागतात, म्हणून ते शाळेत फुकट मिळायला हवं. हा श्रीमंतांचा मुद्दा नाहीच. लॅमिनेटेड टाइमटेबल हा श्रीमंतांचा मुद्दा आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. ज्या पोराची झोप उडाली आहे, जेवण तुटलंय, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलतंय, त्याला अभ्यासाच्या युक्त्या सांगू नका, डॉक्टरकडं न्या, आणि कुठं विचारायचं ते सुचत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. माझा सगळा युक्तिवाद त्याच्या अलीकडचा आहे.

आता कुणी जाणता शिक्षक म्हणेल, हे तुम्ही नवीन काय सांगताय, हे तर आम्ही करून बसलोय. बरोबर. २०१० पासून शिक्षण हक्क कायद्याबरोबर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिक आणि संकलित. आकारिकचा मूळ अर्थच हा होता की शिकता शिकता मुलाला कळावं कुठं अडतंय. कल्पना माझ्या या अख्ख्या लेखापेक्षा चांगली होती. झालं काय? नोंदी. प्रत्येक मुलाच्या, प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी, एका शिक्षकाकडं साठ मुलं, मग तयार नोंदींच्या पीडीएफ फिरायला लागल्या, 'परिसराविषयी जिज्ञासा दाखवतो', 'गणितात रुची घेते', रोल नंबर बदलून उतरवायच्या. जे आरसा म्हणून दिलं होतं त्याचं रजिस्टर झालं, आणि ते रजिस्टर मुलानं कधी बघितलंच नाही, बघितलं ते तपासणीला आलेल्या साहेबांनी. मग आठवीपर्यंत अलगद आलेलं पोरगं नववीत आपटायचं, कारण दहावीचा निकाल राखायला कच्ची पोरं नववीतच गाळायची सवय कित्येक शाळांना आहे.

हे आपल्याकडं पहिल्यांदा नाही झालं. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात शाळांचं अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरायचं, दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारा डेप्युटी इन्स्पेक्टर, येणार म्हटलं की मास्तर महिनाभर पोरांकडून उत्तरं घोकून घ्यायचे, दिपोटी गेला की शाळा परत सुस्त. १९०२ च्या विद्यापीठ आयोगानं तर लिहूनच ठेवलं की इथलं सगळ्यात मोठं दुखणं हे की शिकवणं परीक्षेच्या ताब्यात गेलंय, परीक्षा शिकवण्याच्या ताब्यात नाही. सव्वाशे वर्षं झाली. दर वेळी आपण परीक्षेचं रूप बदललं, कधी अकरावी मॅट्रिक, कधी दहावी, कधी ग्रेड, कधी कृतिपत्रिका, आता २०२६ पासून सीबीएसईची दहावी वर्षातून दोनदा, पण माहिती कुणाकडं जाते ते बदललं नाही. ती वर जाते. दिपोटीकडं, बोर्डाकडं, पालकाकडं, फ्लेक्सकडं. दोनदा परीक्षा घेण्याला माझा विरोध नाही, एक दिवस खराब गेला तर दुसरी संधी असणं माणुसकीचं आहे. पण पहिल्या आणि दुसऱ्या परीक्षेच्या मध्ये पोराला आपलं काय चुकलं हे कळण्याची सोय नसेल तर ती एकच भीती दोन हप्त्यात, एवढंच.

क्लासच्या शेवटच्या दोन वर्षात मी एक फुटकळ गोष्ट सुरू केली होती. चाचणी लिहून झाली की पेपर देण्याआधी उजव्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहायचं, मला किती पडतील. बास. सुरुवातीला धमाल यायची, एक पठ्ठ्या १८ लिहायचा आणि ७ पडायचे, आणि एक मुलगी दर वेळी ८-९ लिहायची आणि तिला १६ असायचे. भीती त्या दोघांनाही होती, पण कारण वेगळं, त्याला फसवलं जाण्याची, तिला उघडं पडण्याची. त्यांना मार्कांवरून मी कधी बोललो नाही, बोललो ते अंदाज आणि मार्क यातल्या फरकावरून, कुठल्या प्रश्नात फसलास, तुला का वाटलं की येतंय. पाच-सहा महिन्यात बहुतेकांचा फरक दोन-तीन मार्कांवर आला. मार्क सगळ्यांचे वाढले असं नाही, आणि हे काही संशोधन नव्हे, मीच शिक्षक आणि मीच परीक्षक. पण त्या वर्षी हॉलतिकीट वाटताना वर्गात जी शांतता होती ती मला आधी कधी दिसली नव्हती. दोन पालकांनी मात्र पोरं काढून घेतली, सर हल्ली आयएमपी देत नाहीत म्हणून. त्यांचंही बरोबरच होतं, त्यांनी फी आयएमपीची भरली होती.

तर ती पालकसभा संपवून आम्ही घरी आलो आणि नववीतली आमची कन्या म्हणाली, बाबा, मला टाइमटेबल करून दे ना, तुझं जुनं होतं ना ते. आठ वर्षं लॅमिनेशन केलेला हात शिवशिवला. नाही म्हणालो, तूच कर. तिनं केलं, रविवारच्या रकान्यात ठळक अक्षरात 'काही नाही' लिहिलं, भूमितीला आठवड्यात दोनच दिवस ठेवले, बायकोनं माझ्याकडं बघितलं, मी पेपर वाचत बसलो. परवा घटक चाचणीचा पेपर आला. वीसपैकी अकरा. क्लासच्या सरांचा फोन येऊन गेला, जरा लक्ष द्या म्हणाले, आणि घरात दोन दिवस बोलणं मोजकंच आहे. मी पेपर उलटसुलट करून बघितला तर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलनं बारीक अक्षरात तिनं लिहिलं होतं, बारा.